भाताचे तीन डबे

माझ्या नणंदेला पंख्यांच्या कारखान्यात कुणी नावाने ओळखत नाही. तिथे त्या झाकणताई. उघडं पातेलं दिसलं की त्यांचा पारा चढतो, आणि तो उतरायला पातेल्यावर झाकण पडावं लागतं. मी त्यांची भावजय. त्यांच्याबद्दल चार वाकडे शब्द बोलायचा मला हक्क आहे आणि तो मी बजावणार आहे. पण त्या आठवड्यात त्यांनी काय केलं हे कारखान्यात आता जो तो हवं तसं फिरवून सांगतो, ते ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणून एकदा जसं घडलं तसं सांगून टाकते.

मी तारा गुंडाळायच्या विभागात काम करते. ताई कॅन्टीनच्या मुख्य स्वयंपाकीण, हाताखाली चार बायका, दोन पाळ्या मिळून तीनशे माणसांचं खाणं. लग्न केलं नाही. त्या आमच्या घरी राहतात असं मी एकदा शेजारणीला म्हणाले, तेव्हा ताईंनी आतूनच सांगितलं, की घर त्यांच्या नावावर आहे, आम्ही त्यांच्याकडे राहतो. फ्रीज तर अर्थातच त्यांचा. आत प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख आणि वेळ. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी दुधाचं पातेलं उघडं ठेवलं, तर ताईंनी मला हाक मारून जवळ बोलावलं, पातेल्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "माफी माग." मला वाटलं थट्टा करतायत. नव्हत्या करत.

अन्न वाया घालवायचं नाही, हे त्यांचं दुसरं वेड. माझ्या सासूबाई लोकांच्या घरी स्वयंपाक करायच्या, आणि तिथे उरलेलं घरी आणायच्या. ताई आणि त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, त्यावर वाढले. शाळेत कुणीतरी ताईंना उष्टं खाणारी म्हणालं होतं. त्याला त्यांनी काय केलं ते त्या सांगत नाहीत, पण त्यानंतर त्यांना दुसऱ्या बाकावर बसवलं होतं एवढं मला माहीत आहे. आजही कुणी दोन शब्दांची गल्लत केली की त्या काम थांबवून समजावतात, "ताटात वाढल्यावर राहतं ते उष्टं. पातेल्यात राहतं ते उरलेलं. उष्टं तुमचं, उरलेलं सगळ्यांचं."

तीन वर्षांपूर्वी कॅन्टीनच्या कंत्राटदाराने भाताची दोन पातेली मागच्या गटारात ओतायला काढली होती. ताई गटाराच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी मला ओता, मग भात." पहिल्या पाळीचे सगळे खिडकीत जमले. कंत्राटदार हसला, मग चिडला, मग कंटाळून निघून गेला. तेव्हापासून दुपारचा उरलेला भात दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा, मिरची आणि अंडी घालून परतायचा, असं ठरलं. लोक आधी नाक मुरडायचे. वास सुटायला लागल्यावर रांग लागायला लागली. अंडं न खाणाऱ्यांसाठी ताई एक कढईभर वेगळा परतायच्या. मीही त्यातलीच, अंड्याचा वास मला सोसत नाही.

मग अन्न तपासणी कार्यालयाने सगळ्या कॅन्टीनच्या स्वयंपाक्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग घेतला. जाताना ताई तणतणत गेल्या. तीस वर्षं झारा धरणाऱ्या बाईला कागद वाचणारी बाई काय शिकवणार, असं बसमध्ये चढेपर्यंत चालू होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी परत आल्या त्या हातात एक लांब दांडीचा थर्मामीटर घेऊन, आणि चपला काढायच्या आधी त्यांनी माझ्या आमटीत तो खुपसला. आकडा बघून मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या घरात चवीपेक्षा आकडा मोठा झाला.

त्या वर्गात त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नमुन्याचे डबे. कॅन्टीनमध्ये शिजलेल्या प्रत्येक पदार्थाचा ओंजळभर नमुना स्वच्छ डब्यात काढायचा, तारीख-वेळ लिहायची आणि तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचा. कुणाला काही बाधलं तर तोच डबा तपासायला जातो. बाकीच्या कॅन्टीनमध्ये सोमवारी एकदाच सगळे डबे भरून त्यांच्यावर आठवडाभराच्या तारखा घालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ताईंनी मात्र नमुन्यांसाठी वेगळा छोटा फ्रीज मागून घेतला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. लोक चेष्टा करायचे, की उद्या झाकणताई पंख्याच्या पात्याचाही नमुना ठेवतील. ताई म्हणायच्या, "ठेवीन. तुम्ही पातं खाणार असाल तर."

वर्गाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्या अर्ध्यातून उठून आल्या होत्या. त्या नाहीत असं बघून कंत्राटदार भात गटारात घालेल, ही धास्ती. शेवटचा तास त्यांनी बुडवला. प्रमाणपत्र त्यांना मिळालं, कारण हजेरी सकाळी घेतली होती.

आता त्या गुरुवारचं सांगते. दुपारी एक वाजता कारखान्याची वीज गेली आणि दुसऱ्या पाळीला फाटकावरूनच घरी पाठवलं. भात मात्र सगळ्यांचा शिजून झाला होता. एरवी पाव पातेलं उरायचं, त्या दिवशी सर्वांत मोठं पातेलं काठोकाठ उरलं. ताईंनी त्यावर घट्ट झाकण बसवलं आणि दोघींच्या मदतीने पातेलं थंड खोलीत सरकवलं. त्या खोलीला जनरेटर आहे, ती चालू होती. शुक्रवारी सकाळी सहाला भात बाहेर काढला, धूर निघेपर्यंत परतला, वाढला.

साडेआठच्या सुमारास माझ्या यंत्रावरच्या तारेचे मला दोन पदर दिसायला लागले. मला वाटलं डोळा लागतोय. मग पोटात असं काही ढवळलं की मी बाकाखालची बादली ओढली. शेजारची बाई मला सावरायला उठली आणि तीच खाली बसली. नऊपर्यंत संडासासमोर रांग, अंगणात माणसं आडवी. एकूण त्रेचाळीस जण. त्यातली पाती रंगवायच्या विभागातली नवी मुलगी, काडीसारखी अंगाने, तिला शुद्ध राहीना. तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि दोन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं.

दुपारी कंत्राटदार आला. कॅन्टीनच्या दारात सगळे जमलेले. त्याने ताईंना विचारलं, "बाई, काय घातलंत?"

ताईंचं तोंड पांढरं पडलं होतं, पण मान ताठ. त्या म्हणाल्या, "भात मी धूर निघेपर्यंत परतलाय. एवढ्या आचेवर काही जगत नाही. बिघडलं असेल तर अंड्यात."

हे वाक्य त्यांचं. त्यांनीच म्हटलं, सगळ्यांसमोर, आणि मी ते लपवणार नाही.

अंडीवाला हा साठीचा माणूस, सायकलच्या मागे जाळ्या लावून सकाळी पाचला अंडी आणून देणारा. बाजारात त्याचा एक छोटा गाळा आहे, तो आणि त्याची बायको चालवतात. कंत्राटदाराने त्याला बोलावून घेतलं. तो हातातली पिशवी सावरत आला, आणि काय झालंय हे त्याला कळायच्या आत कुणीतरी ओरडलं, "विष विकतोस का रे?" कुणीतरी त्याच्या सायकलवरच्या दोन जाळ्या ओढून खाली आपटल्या. तो खाली बसून न फुटलेली अंडी वेचायला लागला. कुणी मदत केली नाही. ताई तिथेच उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत कंत्राटदाराची लेखी तक्रार गेली, आणि शनिवारी सकाळी बाजाराच्या कार्यालयाने चौकशी होईपर्यंत त्याच्या गाळ्याला सील ठोकलं.

शनिवारी मी घरी पडून होते. ताई मला चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होत्या आणि अंडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. माझं डोकं जरा ताळ्यावर आलं होतं.

"ताई," मी म्हणाले, "मी अंडं खात नाही."

"माहितीये मला. घोट गीळ."

"म्हणजे मी काल बिनअंड्याचा भात खाल्ला."

चमचा हवेत थांबला. मग त्यांनी तो वाटीत ठेवला. "कढई तीच असेल. झारा तोच लागला असेल."

"बिनअंड्याचा तुम्ही नेहमी आधी परतता ना?"

ताई उठल्या, पदर खोचला, एक वही घेतली आणि बाहेर पडल्या. जेवायलाही आल्या नाहीत. संध्याकाळी परतल्या तेव्हा वहीत दोन पानं भरली होती. बिनअंड्याचा भात चौदा जणांनी खाल्ला होता, ताई त्या सगळ्यांच्या घरी जाऊन आल्या होत्या. नऊ आजारी. नुसती अंडी आणि पाव घेतलेले सहा जण होते, त्यांच्यातलं कुणी साधं मळमळलंसुद्धा नव्हतं. कुणाच्या घरी चहा मिळाला, कुणी दारातूनच वाटेला लावलं. एका घरी म्हातारीने त्यांच्या अंगावर पाणी टाकलं. ती पानं त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली.

"अंडी नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग?"

"भात. पण मी तो भाजलाय गं. मी तो भाजलाय." दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फाटला. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत.

रविवारी सकाळी जाग आली तर आमच्या फ्रीजमधला सगळा पसारा ओट्यावर. दूध, भाज्या, लोणी, माझं औषध. आतल्या जाळ्याही काढलेल्या. ताईंनी घरातल्या सर्वांत मोठ्या पातेल्यात काठोकाठ भात शिजवला होता, झाकण लावून तो फ्रीजमध्ये ठेवला होता आणि समोर स्टुलावर बसल्या होत्या. दर तासाने झाकण किलकिलं करून थर्मामीटर पार मध्यापर्यंत खुपसायचा आणि आकडा लिहायचा. यांनी चहाला दूध मागितलं, तर ताई म्हणाल्या, "काळा पी. प्रयोग चालू आहे." यांनी मुकाट्याने काळा प्यायला.

तीन वाजता कंत्राटदार घरी आला. आठ तास झाले होते. त्याला खुर्ची दिली, ताई स्टुलावरून हलल्या नाहीत.

"उद्या दुपारी तपासणीवाल्या मॅडम येतायत," तो म्हणाला. "तुमचे ते नमुन्याचे डबे आहेत ना?"

"आहेत."

"नियम किती दिवसांचा?"

"तीन."

"शुक्रवार सकाळचा डबा. उद्या सकाळी सहाला तीन दिवस पुरे. नियमाने फेकून द्यायचा. म्हणजे खोटंही बोलायला नको. आम्ही नियम पाळला, डबा फेकला. मॅडमना कागदावरची तक्रार बास आहे."

"आणि अंडीवाला?"

"त्याचं काय? गाळा जाईल. म्हातारा झालाय, मुलाकडे जाऊन राहील." तो पुढे झुकला. "बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. डब्यात काही निघालं तर कॅन्टीन जाईल, तुमच्या चार बायका जातील, तुम्ही तर पहिल्या जाल. आणि तुमचा तो शिळा भात? कायमचा गटारात. तुम्हीच विचार करा."

ताईंनी फ्रीज उघडला, थर्मामीटर खुपसला आणि थांबल्या. मग त्याला म्हणाल्या, "इकडे या. हात लावा."

"कशाला?"

"घाला हात. तुमच्या कॅन्टीनचा भात समजा."

त्याने नाईलाजाने वरच्या भातात बोटं घातली. थंडगार. "आहे की थंड."

"अजून आत."

मनगटापर्यंत हात गेला आणि त्याचं तोंड बदललं. मीही नंतर घालून पाहिला. आत तो भात ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखा होता. आठ तास फ्रीजमध्ये राहून.

"वरून थंड, आतून ऊबदार," ताई म्हणाल्या. "रात्रभर. माझ्या झाकणाखाली. तिथे काय पिकलं ते मला माहीत नाही, आणि भाजल्यावर ते का मेलं नाही तेही माहीत नाही. पण उद्या ज्यांना माहीत आहे त्या येतायत. मी डबे देणार."

"वेड लागलंय तुम्हाला. नियम तुमच्या बाजूने आहे!"

"नियम तीन दिवस ठेवा म्हणतो. चौथ्या दिवशी फेकलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? दाखवा."

तो चपला घालताना पुटपुटत गेला. दार लावल्यावर मी म्हणाले, "ताई, जरा दमाने घ्या. त्या बायकांच्या चुली आहेत. मीही आहे तिथेच कामाला." मला भीती वाटत होती आणि ती मी बोलून दाखवली. दोन दिवस ओकून मला कुणाच्या सत्याचं कौतुक राहिलं नव्हतं.

ताई माझ्यावर खेकसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या माणसाने खाली बसून अंडी वेचली. मी बघत उभी होते. माझ्या एका वाक्यावर. ते मी पोटात घेऊन किती दिवस भात रांधू?"

सोमवारी दुपारी मॅडम आल्या, वर्ग ज्यांनी घेतला होता त्याच. चष्मा, कापडी पिशवी, आवाज बारीक. कंत्राटदार पुढे होऊन म्हणाला, की नमुने मुदत संपल्यामुळे आज सकाळीच नियमाप्रमाणे फेकले. ताईंनी कमरेची किल्ली काढली. त्याच्याकडे न बघता छोटा फ्रीज उघडला आणि तीन डबे टेबलावर एका ओळीत मांडले.

"हा गुरुवार दुपारचा भात, ताजा. हा शुक्रवारचा, परतलेला, बिनअंड्याचा. हा अंड्याचा. आणि ही दोन कच्ची अंडी, त्याच जाळीतली. ती मी वेगळी काढली होती." मग वही ठेवली. "हे कुणी काय खाल्लं. हे घरच्या पातेल्याचे आकडे. अंड्यात आहे असं मी म्हणाले होते. ते मी चुकीचं बोलले. आणि डबे फेकायला मला यांनी सांगितलं होतं, तेही लिहून घ्या."

कंत्राटदार काहीतरी म्हणायला गेला. मॅडमनी हात वर केला आणि वही शेवटपर्यंत वाचली. मग चष्मा काढून ताईंकडे पाहिलं.

"भातात एक जंतू असतो," त्या म्हणाल्या. "तांदळाबरोबरच येतो. भात शिजताना बाकीचे मरतात, हा बीजासारखा कवचात टिकून राहतो. भात कोमट राहिला की उगवतो, वाढतो आणि विष सोडतो. परतल्यावर जंतू मरतो, पण विष तसंच राहतं. कितीही भाजा. म्हणून भात पसरट ताटात, चार बोटांपेक्षा कमी थर करून, उघडा, भराभर गार करायचा. झाकण गार झाल्यावर."

"हे मला का नाही सांगितलंत?" ताई उसळल्या. "दोन दिवस बसवून घेतलंत ना?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. शेवटच्या तासाला."

ताईंनी छोट्या फ्रीजचं दार लावलं.  मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुम्ही लवकर गेला होता." आणि डबे पिशवीत भरायला लागल्या.

निकाल आठ दिवसांनी आला. अंडी स्वच्छ. गुरुवारचा भात स्वच्छ, कारण छोट्या डब्यात तो लगेच गार झाला होता. बाकीच्या दोन डब्यांत विष. एकच भात, एकाच पातेल्यातला. मॅडमनी अहवालात लिहिलं, की एवढे नीट ठेवलेले नमुने त्यांनी नोकरीत पहिल्यांदा पाहिले. त्याच पानावर खाली लिहिलं, की चूक मुख्य स्वयंपाकिणीची आहे. ताईंनी दोन्ही वाक्यं मला मोठ्याने वाचून दाखवली, सारख्याच आवाजात.

अंडीवाल्याचं सील निघालं त्या संध्याकाळी ताई मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. त्याने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. ताईंनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. भात, झाकण, डबे, विष. तो ऐकत होता. त्याची बायको मागे भिंतीला टेकून उभी होती.

सगळं झाल्यावर तो म्हणाला, "भात तुम्ही डब्यात ठेवलात. छान केलंत. दहा दिवस माझी बायको बाजारात तोंड लपवून फिरली. ते कुठल्या डब्यात ठेवलंय तुम्ही?"

  ताई म्हणाल्या, "सगळ्यांसमोर बोलले होते. सगळ्यांसमोरच सांगते."

"सांगा," तो म्हणाला, आणि दार लावलं. आजही तो अंडी आणतो, पण फाटकावर पहारेकऱ्याकडे ठेवून जातो. ताईंशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे असं ताई म्हणतात, मलाही तसंच वाटतं.

कॅन्टीन पुन्हा उघडलं त्या दिवशी दुपारच्या जेवणाला ताई बाकावर चढल्या. पन्नाशीची, गुडघे दुखणारी बाई, दोघींनी हात दिला तेव्हा चढता आलं. आता त्या मुख्य नव्हत्या, कंत्राटदाराने त्यांना कांदे चिरायला बसवलं होतं आणि वर एक नवा माणूस आणला होता. आणि नवा हुकूम होता, की उरलेलं सगळं गटारात.

"ऐका," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीचा, पातेल्यावर झारा आपटल्यासारखा. "अंडी चांगली होती. भात मी बिघडवला. त्रेचाळीस माणसं मी आजारी पाडली, त्यात माझी भावजयही आहे. शिव्या द्यायच्या असतील तर मला द्या, अंडीवाल्याला ज्यांनी दिल्या त्यांनी जाऊन परत घ्या. मी माझ्या घेऊन आले."

कुणीतरी मागून ओरडलं, "आता तरी शिळं खायला घालणं बंद करा!"

"नाही करणार," ताई म्हणाल्या. "चूक भात ठेवण्यात नव्हती, कसा ठेवायचा ते मला येत नव्हतं, त्यात होती. आता येतं. शेवटचा तास मी परत बसून आले, एकटी, मॅडमच्या कार्यालयात. भात ठेवता येतो असं त्यांच्याकडून लिहून आणलंय." त्यांनी कागद वर धरला. "हा जोपर्यंत माझ्याकडे आहे तोपर्यंत या गटारात भाताचं एक शीत जाणार नाही. ज्याला नको त्याने खाऊ नये. जबरदस्ती नाही. पण फेकू मी देणार नाही."

कंत्राटदाराने कागद दोनदा वाचला. फुकटचा नाश्ता त्यालाही सोडवत नव्हता. तो म्हणाला, काही झालं तर तुम्ही बघा. ताई म्हणाल्या, मीच बघणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन्टीनमध्ये दोन ठिकाणी खाणं मांडलं होतं. एकीकडे पाव, एकीकडे परतलेल्या भाताची कढई, मागे ताई. पावाची रांग दारापर्यंत गेली होती. कढईसमोर कुणी नाही. मी पावाच्या रांगेत होते. घरात त्यांच्याशी भांडायला माझी जीभ सैल सुटते, पण त्या सकाळी कढईकडे बघायचंही मी टाळत होते. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय हलले नाहीत.

तेवढ्यात ती रंगवायच्या विभागातली मुलगी आली. सलाईनवर होती तीच. गालफडं अजून बसलेली. ती रांगेत लागली नाही, सरळ कढईसमोर जाऊन उभी राहिली. ताटली उचलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "किती वाजता गार करायला घेतला?"

"पावणेदोनला. जेवणं झाल्या झाल्या," ताई म्हणाल्या.

"कशात?"

"पसरट ताटात. सहा ताटं, खाली बर्फ. थर चार बोटांच्या आत."

"झाकण?"

ताई म्हणाल्या, "गार झाल्यावर. तीन वाजून दहा मिनिटांनी. तोपर्यंत माश्या वारत मी तिथे उभी होते."

"मध्यभागी किती होता?"

"थंड खोलीत ठेवताना एकवीस अंश. संध्याकाळी सहाला पाच अंश. सहाही ताटांत घालून बघितलं, लिहून ठेवलंय. वही देऊ?"

"द्या."

मुलीने वही घेतली, बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सहा ओळी. ताई परीक्षेला बसल्यासारख्या झारा छातीशी धरून उभ्या.  मुलीने वही मिटून परत दिली आणि ताटली पुढे केली.

"अर्धाच वाढा," ती म्हणाली. "आणि उद्याही विचारणार आहे."

"रोज विचार," ताई म्हणाल्या. "न विचारता खाशील तर वाढणार नाही."

मी पावाच्या रांगेतून बाहेर पडले.